हिरवा तामडा

सराफ बाजारातल्या माडीवर माझी खिडकी उत्तरेला उघडते.
खडा पारखायचा तर अकराच्या आत.
त्यानंतर सोलापूरचं ऊन खरं बोलत नाही,
सगळ्या हिरव्याला पांढरं करून टाकतं.

पोसानी येमूल आली साडेनऊला.
बोटांना तंबाखूचा वास,
पदराच्या गाठीत विडीच्या दोऱ्यानं बांधलेली पुडी,
पुडीत चमकीतून सुटलेला
वाटाण्याहून लहान एक हिरवा खडा.
"सासऱ्याला मिलच्या साहेबानं दिलेला.
मिल गेली, साहेब त्याच्याही आधी गेला.
काच आहे का तेवढं बघा."

गुरुसिद्धप्पा शिकवायचे,
आधी खड्यातलं वाईट शोध,
चांगलं काय, ते आपणहून पुढे येतं.

तर बुडबुडा नाही. म्हणजे काच नाही.
पेरिडॉट असता तर मागची एकेक कड
दोन दोन दिसली असती;
हा एकवचनी.
यंत्राची पट्टी संपली तरी सावली पडेना,
याचं उत्तर पट्टीबाहेर कुठेतरी.
तपकिरी चष्म्यातून पाहिला तर लालसर झाला,
आपलं कूळ आठवल्यासारखा.
मग जरासा कलता केला, आणि
एवढ्याशा जागेतून केशरी, जांभळी ठिणगी,
हिऱ्यालाही न जमणारी.
मी भिंग खाली ठेवलं. हात पुसले. पुन्हा उचललं.

आत, डाव्या बाजूला, एका काळ्या ठिपक्यातून
सोनेरी तंतू वळत वळत निघालेले.
जाणकार त्याला घोड्याची शेपटी म्हणतात.
दुसऱ्या खड्यात एवढ्यानं भाव पडतो,
याच्यात एवढ्यानंच चढतो.

तिनंही पाहिलं, भिंग आधी उलटं धरून.
"सूत आहे की आत! पिंजलेलं.
आमच्या यांनी मागावर असं सोडलं असतं
तर चादर दुय्यम मालात,
आणि शनिवारी पगारात खाडा."

एकतीस वर्षं या खिडकीत बसतोय.
असा एकच पाहिला होता, जयपुरात, दुसऱ्याच्या चिमट्यात.
खाली एवढी दुकानं, पण याचं नाव घेऊन
कुणी पायरी चढलेलं मला आठवत नाही.
दुर्मिळ म्हणतात ते बहुधा यालाच.

किंमत मी हळू आवाजात सांगितली.
तिनं पाणी नको म्हटलं.
ट्यूबलाइटकडे पाहत राहिली, ती बंद होती.
मग म्हणाली, "कागदावर काच लिहा.
एक टॉवेलच्या कारखान्यात, एक भिवंडीला.
पत्र्याच्या खोलीवरून दोन वर्षं बोलणं नाही.
खोलीत निदान भिंत तरी घालता येते."

मी पेनाचं टोपण काढलं. लावलं.
काचेला रत्न लिहा म्हणून पैसे घेऊन आलेले
पुष्कळ पाहिलेत, जिन्यावरून परत पाठवलेत.
रत्नाला काच लिहा म्हणणारी पहिलीच.

शेवटी लिहिलं:
वजन, त्र्याहत्तर सेंट.
जात, तामडा.
रंग, हिरवा.
आत सूत आहे.

अक्षर न् अक्षर खरं.
आणि खाली कुणालाही दाखवा, हसेल,
तामडा आणि हिरवा? म्हाताऱ्याची नजर गेली.
नव्या पेठेत तामडा मुठीनं मिळतो.

"काच लिहिलंत?"
"कुणी भांडणार नाही असं लिहिलंय."
ती माझ्याकडे पाहत राहिली, चादरीचा काठ तपासावा तशी,
मग दहाच्या पाच नोटा मोजून ठेवल्या,
दोरा दातात धरून पुडी बांधली
आणि कागद पुडीत नाही, ब्लाउजमध्ये ठेवला.

जिन्यावर सहाव्या पायरीला तिची पावलं थांबली.
गाठ चाचपली असेल.
किंवा गुडघा.

अकरा वाजले. खिडकीत ऊन आलं,
आणि पुढचं गिऱ्हाईक,
पुष्कराज म्हणून पिवळी काच घेऊन,
सर्टिफिकेटसकट.